घरात शुगर निघाली की पहिल्या महिन्यात काय शिकून घ्यायचं

शुगर निघाली की घरात दोन गोष्टी लगेच होतात. चहातली साखर बंद होते आणि पेशंटवर पहारा बसतो. दोन्हींनी फारसं काही साधत नाही. साखरेचा मोठा वाटा भाकरी, पोळी आणि भातातून येतो, चहाच्या चमच्यातून नाही. पहारा ठेवला तर माणूस चोरून खायला शिकतो, एवढंच. डॉक्टर महिन्यातून दहा-पंधरा मिनिटं भेटतात, उरलेला सगळा महिना घरालाच सांभाळायचा असतो. म्हणून पहिल्या महिन्यात घराने मिळून काही कामं शिकावीत आणि कुठलं काम कुणाचं हे ठरवून टाकावं.

वाटणी सोपी आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला पिठाचं माप कळायला हवं. आठवी-नववीतली नात मशीनवर साखर मोजून वहीत लिहू शकते. गोळ्या-इन्सुलिन संपण्याच्या आठ दिवस आधी आणून ठेवणं मुलाकडे. रोज रात्री पाय बघणं नवऱ्याने किंवा बायकोने करावं. मात्र इन्सुलिन टोचणं आणि साखर उतरली तर काय करायचं, या दोन गोष्टी घरात किमान दोघांना यायलाच हव्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं घर शेतात असतं आणि जाणता नेमका त्याच वेळी बाजाराला गेलेला असतो.

आधी आकडे नीट समजून घ्या

(साखरेचे आकडे सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये, मशीनवर दिसतात तेच.) उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, यांपैकी काही आढळलं तर मधुमेह समजतात. लक्षणं नसतील तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात. निदानाचे आकडे आणि उपचाराचं लक्ष्य यांची गल्लत करू नका. उपचार सुरू झाल्यावर बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत आणि एचबीए१सी ७ च्या आत, असं लक्ष्य ठेवतात. ऐंशीच्या आसपासच्या आजी-आजोबांना, किडनी किंवा हृदयाचं दुखणं असणाऱ्यांना डॉक्टर मुद्दाम ढिलं लक्ष्य देतात. त्यांच्या बाबतीत साखर थोडी जास्त राहण्यापेक्षा उतरणं धोक्याचं. गरोदर बाईचे आकडे याहून कडक असतात, तिने वरच्या आकड्यांवर जाऊ नये.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या घरांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूला भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या आजारात त्या पेशी लवकर मरतात, म्हणून साखर जास्त असूनही एचबीए१सी कमी दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. सिकलसेलचा नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. याउलट लोह कमी असलेल्या बाईचं एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. म्हणून घरात सिकलसेलचं कार्ड कुणाकडे असेल तर ते शुगरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा. मग ते उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवरच भर देतील.

मशीनवर साखर मोजणं

चुकीचा आकडा बहुतेक वेळा हातामुळे येतो. नुकतंच केळं सोललं, आंबा पिळला आणि तसंच बोट टोचलं तर मशीन १३० च्या जागी २५० सुद्धा दाखवू शकतं. हात साबणाने धुवा, पुसून पूर्ण कोरडे करा. ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा खाली येतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, मधोमध दुखतं जास्त. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून तळव्याकडून बोटाकडे हळूच दाबत आणा, टोकालाच पिळू नका. सुई दुसऱ्या कुणाला कधीच वापरू नका. शेजारच्या काकूंनी कितीही आग्रह केला तरी नाही.

पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. डबी चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवली की पट्ट्या खराब होतात. बरीच मशीन साधारण ४० अंशांच्या वर चालत नाहीत. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात दुपारी मशीन नुसती खूण दाखवून बंद पडतं, ते बिघडलेलं नसतं. माठाजवळच्या गार खोलीत अर्धा तास ठेवा आणि मग मोजा. तसंच घरचं मशीन आणि लॅब यांच्यात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक येऊ शकतो. १५० आणि १६५ यावरून भांडण नको.

पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज बिनकामाचं मोजू नका. नुसत्या मेटफॉर्मिन या शुगरच्या साध्या गोळीवर असलेल्याला रोज टोचण्याची सहसा गरज नसते. इन्सुलिनवर असलेल्याला असते, किती वेळा ते डॉक्टर सांगतील. पैसे वसूल होतात ते जोडीने मोजण्यात. एखाद्या जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा मोजायचं आणि वहीत समोर लिहायचं, 'दोन भाकरी, भरीत, ताक'. चार-पाच जोड्या झाल्या की या माणसाला काय चढतं हे कुठल्याही तक्त्यापेक्षा नीट कळतं.

ताट

डॉक्टर 'दोन भाकरी खा' म्हणतात, पण त्यांची भाकरी आणि आपली भाकरी एक नसते. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम पिष्ट (पचून अंगात साखर होणारा भाग) असतं. एका भाकरीला कुणाच्या हाताने ५० ग्रॅम पीठ जातं, कुणाच्या हाताने ९०. एकदा काट्यावर मोजा, त्या मापाची वाटी ठरवा आणि रोज तीच वापरा. दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी पौष्टिक आहेच, पण तीन मोठ्या दादरच्या भाकऱ्याही साखर चढवतात. कळण्याची भाकरी जरा बरी. तिच्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले असतात, त्यामुळे प्रथिनं वाढतात आणि पोट लवकर भरतं. ज्वारी-उडदाचं प्रमाण घरोघरी वेगळं असतं. उडीद थोडे वाढवायला हरकत नाही, पण किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.

खरं तर खानदेशी ताट शुगरला वाईट नाही. वांग्याचं भरीत, पालेभाज्या, फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके), मुगाची डाळ, ताक ही सगळी कामाची. त्रास होतो तो तेलाच्या तवंगाचा, शेवभाजीतल्या शेवेचा आणि मिठाचा. बीपी असेल तर बिबडे-पापडही मोजून.

पंगतीत वरण-बट्टी असली तर काकडी, भरीत आणि वरण आधी खा, बट्टी शेवटी आणि एकच. भाज्या-डाळ आधी आणि पिठाचं नंतर असं खाल्लं की साखर तेवढी झपाट्याने चढत नाही. बट्टीवर तूप ओतणाऱ्या वाढप्याला हात आडवा करा. त्याला वाईट वाटणार, वाटू द्या.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमरस आणि खापरावरची पुरणपोळी असते, आणि त्या दिवशी 'काहीच खाऊ नको' म्हणणं निष्ठुर आहे. शंभर ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १५ ग्रॅम पिष्ट असतं, वरून साखर घातली की ते दुप्पटही होतं. खापराची पोळी घडी घालून ताट भरेल एवढी मोठी, तिचा पाव भाग घ्या, बिनसाखरेचा रस अर्धी वाटी घ्या. त्या जेवणात भात, कुरडई, भजी वगळा. दोन तासांनी मोजा. तोच हिशेब श्रावणात कानबाईच्या रोटाला. केळ्याचं म्हणाल तर शंभर ग्रॅम गरात बावीस-तेवीस ग्रॅम पिष्ट. साल काळी पडलेलं, फार पिकलेलं केळं लवकर चढतं. जेवणावर नको, मधल्या वेळी अर्धं किंवा लहान एक, शेंगदाण्यांबरोबर. रावेर-यावलच्या घरात केळी पूर्ण बंद करता येत नाहीत, हे मान्य करूनच माप ठरवावं.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतांशी पिष्टच. त्याऐवजी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडी, ताक चालेल. ग्लिमेपिराइड किंवा तत्सम, साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी, किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास, नवरात्र, रोजे यांच्या आठ-दहा दिवस आधी डोस विचारून घ्या. उपाशी पोटावर नेहमीचा डोस घेतला तर साखर उतरणारच.

इन्सुलिन: टोचण्याआधी सिरिंज बघा

भारतात इन्सुलिनची साधी बाटली बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलीलीटरला ४० युनिट. पेनमधली कार्ट्रिज १०० युनिटची. बाटलीच्या ४० युनिटला लाल टोपीची सिरिंज आणि १०० युनिटला केशरी टोपीची. ही जोडी चुकली तर काय होतं बघा. लाल टोपीच्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन २० च्या रेषेपर्यंत ओढलं तर पोटात जातात ५० युनिट. माणूस यात दगावू शकतो. उलट केशरी सिरिंजने ४० च्या बाटलीतून २० ओढले तर जातात फक्त ८, आणि 'इन्सुलिन लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवला जातो. दुकानदाराने बदलून दिलं तर टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा दोन्ही जुळवल्याशिवाय घरी आणू नका.

पुढचा क्रम असा:

१. हात धुवा. दुधाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन असेल तर बाटली तळहातांमध्ये दहा वेळा फिरवा आणि दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा. जोरात हलवू नका, फेस होतो आणि माप चुकतं. पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन ढवळायची गरज नाही.

२. जेवढे युनिट घ्यायचे तेवढी हवा सिरिंजमध्ये ओढून बाटलीत सोडा, मग बाटली उलटी करून इन्सुलिन ओढा. बुडबुडे टिचकी मारून वर आणून परत ढकला. पेन असेल तर सुई लावून दोन युनिट हवेत सोडा, थेंब दिसला पाहिजे.

३. पोटावर बेंबीपासून चार बोटं सोडून, किंवा मांडीच्या वरच्या-बाहेरच्या भागात टोचा. दट्ट्या पूर्ण दाबून मनात दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. चोळू नका.

४. रोज जागा बदला, आधीच्या टोचण्यापासून निदान एक बोट लांब. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपून बघा.

वेळेचं भान फार महत्त्वाचं. साधं मिश्र इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात. काही नव्या प्रकारची जेवायला बसतानाच घ्यायची असतात. तुमचं कुठलं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. लग्नात मुहूर्त लांबतो, पंगत दोनाची चार वाजता बसते, आणि इन्सुलिन मात्र बारालाच घेतलेलं असतं. अशा वेळी ताट समोर आल्यावर घेतलेलं इन्सुलिन थोडं उशिराचं असलं तरी परवडतं.

वापरलेल्या सुया उकिरड्यावर किंवा गोठ्याकडे टाकू नका. फिनेलच्या जाड प्लास्टिक बाटलीत साठवा आणि भरली की झाकण लावून आरोग्य केंद्रात द्या.

पंचेचाळीस अंशांत इन्सुलिन कुठे ठेवायचं

न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. चालू बाटली साधारण ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकते. तिच्यावर फोडल्याची तारीख पेनाने लिहा. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका, आतला गारवा काही तास टिकतो.

फ्रिज नसलेल्या घरात मडक्याची सोय चांगली चालते. एक मोठं आणि एक लहान, दोन्ही बिनचकाकीची, कोरी मातीची मडकी घ्या. मोठ्यात तळाला तीन-चार बोटं वाळू घालून लहान मडकं मधोमध ठेवा आणि भोवतीची जागा वाळूने भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवा. बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा, तोंडावर ओलं फडकं टाका. मडकं सावलीत आणि वाऱ्यावर ठेवलं तरच काम करतं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून बंद कोठीत त्याचा उपयोग नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते छान थंड राहतं, पावसाळ्याच्या दमट हवेत कमी, पण तेव्हा बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं. साधा थर्मामीटर दोन दिवस आत ठेवून दुपारी तीनला बघा, म्हणजे अंदाज येईल.

उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला जसंच्या तसं असतं. स्वच्छ इन्सुलिन गढूळ झालं, किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या तर टाकून द्याच. पण काहीच दिसत नाही आणि खाणं-डोस तोच असून चार दिवस साखर चढलेली आहे, तर डोस वाढवण्याआधी बाटली बदलून बघा. प्रवासात इन्सुलिन मोटारसायकलच्या डिकीत नको, एसटीच्या टपावर टाकलेल्या बॅगेत नको आणि बर्फाला लागूनही नको.

साखर उतरली तर

७० च्या खाली गेलेली साखर म्हणजे लगेच हालचाल. घाम, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं. म्हातारी आजी नुसती 'मना जीव घाबरी राहिना' (माझा जीव घाबरा होतोय) म्हणून आडवी होते. शेतात उन्हाने घाम येतोच, त्यामुळे तिथे हे ओळखू येत नाही. संध्याकाळी लडखडणाऱ्या माणसाला लोक प्यायलेला समजून सोडून जातात. प्यायलेलाच असेल तरी धोका कमी होत नाही. उपाशी पोटी मोहाची किंवा कुठलीही दारू आणि वर गोळी-इन्सुलिन, यात रात्री साखर उतरते.

मशीन जवळ नसेल तर मोजत बसू नका. तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या ग्लास पाण्यात द्या. पंधरा मिनिटं थांबून मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच परत. आकडा वर आला आणि जेवणाला तासाभरापेक्षा जास्त वेळ असेल तर अर्धी भाकरी किंवा एक केळं द्या. पेढा, चॉकलेट देऊ नका, त्यातल्या तुपा-दुधाने साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. घाबरून पाव किलो जिलेबीही चारू नका, तासाभराने ४०० होते.

गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का, हे आजच बघून ठेवा. तीन औषधांच्या एकत्र गोळीत व्होग्लिबोज बऱ्याचदा असतं. ही औषधं साध्या साखरेचं पचन लांबवतात, म्हणून अशा पेशंटला साखरेचं पाणी लवकर लागू पडत नाही. त्याला ग्लुकोज पावडरच हवी. तिचा पुडा स्वयंपाकघरात, एक पुडी सदऱ्याच्या खिशात आणि एक शेतातल्या झोपडीत.

माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरते, वय झालेल्यांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत जास्त. म्हणून शुद्ध आली तरी दवाखान्यात नेऊन देखरेखीखाली ठेवावं लागतं.

पाय, आणि ताप-उलटीचे दिवस

पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला चटका बसलेला कळत नाही. चैत्रात वणीच्या सप्तशृंगी गडाकडे अनवाणी पायी जाणाऱ्यांत असा माणूस असेल तर तापलेल्या डांबराने तळव्याला फोड येतात आणि दुसऱ्या दिवशी पायाला रक्त दिसल्यावर समजतं. जायचंच असेल तर मऊ मोजे आणि बंद बूट घालून. देवीची त्याला हरकत नसावी. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटल्यावर उरलेली खुंटं स्लिपरच्या आरपार जातात, तिथेही बंद बूटच. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघा. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, भेगांना तेल किंवा व्हॅसलिन लावा, पण बेचक्यांत नाही. तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. गरम पाण्याचा शेक, ब्लेडने कुरूप कापणं, बिब्बा घालणं पूर्ण बंद. फोड, काळा डाग, पाणी येणारी जखम दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

ताप किंवा उलट्या सुरू झाल्या की जेवत नाही म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. आजारात साखर उलट चढते. दर चार तासांनी मोजा, तासाला ग्लासभर पाणी द्या. मेटफॉर्मिन, आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या उलट्या-जुलाबात काही दिवस थांबवाव्या लागतात, फोन करून विचारा. 'ग्लिफ्लोझिन'च्या गोळ्या लघवी वाढवतात, म्हणून मेच्या उन्हाळ्यात त्यांनी अंगातलं पाणी लवकर कमी होतं. लागोपाठ दोनदा ३०० च्या वर, उलटी थांबत नाही, श्वास खोल आणि जलद चालतो किंवा माणूस गुंगीत जातो, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. टाइप वनच्या (अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच न होणाऱ्या मधुमेहाच्या) मुलाचं इन्सुलिन तर एक दिवसही बंद करायचं नसतं. कुणी झाडपाल्याची पुडी देऊन 'सुई सोडवतो' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

गुडघेदुखीसाठी कुणी 'आराम पडणारं' इंजेक्शन दिलं आणि आठवडाभर साखर चढली, तर ते बहुधा स्टेरॉइड होतं. पुढच्या वेळी टोचण्याआधी विचारा आणि शुगर आहे हे सांगा.

वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), रक्तातली चरबी आणि पायाच्या जाणिवेची तपासणी करून घ्या. बीपी दर भेटीत. साध्या गोळ्या आणि साखर-बीपीची तपासणी सरकारी दवाखान्यांत असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मिळते. गावच्या आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांची माहिती भरून घेतात. त्या आल्या की पेशंटच्या भावंडांची आणि मोठ्या मुलांचीही साखर तपासायला सांगा, कारण टाइप टू, म्हणजे मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह, घराण्यात चालतो.